पायऱ्या दाखवा! गृहपाठाच्या गणितांची चार हजार वर्षं आणि मागे पडलेला ताळा

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे गणितं ओळीने मांडली आहेत. बोलण्याची भाषा फारशी बदललेली नाही.)

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण विषय आहे गृहपाठ. त्यातही गणिताचा.

एक साधं गणित घेऊ. ५ किलो तांदूळ ३४० रुपयांना मिळतो, तर ८ किलोला किती पैसे पडतील?

१ किलोचे = ३४० ÷ ५ = ६८ रुपये
८ किलोचे = ६८ × ८ = ५४४ रुपये

झालं. आता समजा, एखाद्या मुलीने वहीत फक्त ५४४ लिहिलं. बाई म्हणणार, "पायऱ्या कुठे आहेत?" मुलगी म्हणणार, "पण उत्तर बरोबर आहे ना?" हा वाद प्रत्येक घरात, प्रत्येक वर्गात कधी ना कधी झालेला आहे. पायऱ्या कुणासाठी लिहायच्या? स्वतःसाठी, बाईंसाठी की मार्कांसाठी? आणि हे "पायऱ्या दाखवा" आलं कुठून?

शोधत मागे गेलं की आपण थेट मातीच्या पाट्यांपर्यंत पोचतो.

उत्तर आहे, पायऱ्या नाहीत

आजच्या इराकमध्ये निप्पूर नावाचं प्राचीन शहर होतं. तिथे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या उत्खननात एका छोट्याशा घरात शेकडो शालेय पाट्या सापडल्या. साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या. ओली माती थापायची, बोरूने लिहायचं, काम झालं की माती पुन्हा मळायची आणि नवी पाटी करायची. लेखनिक होऊ पाहणारी मुलं तिथे पाढे लिहायची, गुणाकार करायची, आणि चुकायचीसुद्धा. त्या काळातल्या चुकलेल्या आकडेमोडी आजही वाचता येतात.

त्याच काळातली एक प्रसिद्ध पाटी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तळहातावर मावेल एवढी, गोलसर. तिच्यावर एक चौरस, त्याचे कर्ण आणि काही आकडे. त्यातला एक आकडा म्हणजे २चं वर्गमूळ, आणि ते आजच्या उत्तराशी दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या पाच स्थळांपर्यंत जुळतं! बहुधा एखाद्या विद्यार्थ्याच्याच हातची पाटी.

पण त्या पाटीवर पायऱ्या नाहीत. फक्त उत्तर. त्यामुळे ते वर्गमूळ मुळात कुठल्या रीतीने काढलं असेल यावर अभ्यासक आजही वेगवेगळे अंदाज बांधतात. म्हणजे बाईंच्या बाजूने पहिला मुद्दा हा: उत्तर एकटं राहिलं की ते कसं आलं हे कळायची सोय राहत नाही.

सगळ्याच पाट्या अशा नव्हत्या. काही पाट्यांवर पूर्ण रीत लिहिलेली आहे. कालवा खणायचाय, एवढी लांबी, एवढी खोली, एका माणसाचं दिवसाचं काम एवढं, तर माणसं किती लागतील? मग शिक्षक जणू शेजारी बसून सांगतोय: तू हे त्याने गुण, आलेलं त्यातून वजा कर, अमुक उत्तर येईल. शेवटी, ही अशी रीत आहे, असं सांगून संपवायचं. संगणकशास्त्रातले मोठे नाव डोनाल्ड क्नुथ यांनी १९७२ साली या पाट्यांवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की हे सरळ सरळ अल्गोरिदम आहेत. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना ते वाचताना खूप ओळखीचं वाटतं. फक्त एक गोष्ट तिथे सहसा मिळत नाही, ती म्हणजे "असं का करायचं?" रीत आहे, कारण नाही.

आहमोसचा १९

आता इजिप्तला जाऊ. इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास आहमोस नावाच्या लेखनिकाने एका जुन्या ग्रंथाची पपायरसवर नक्कल केली आणि आपलं नावही त्यावर लिहून ठेवलं. १८५८ साली अलेक्झांडर ऱ्हिंड या स्कॉटिश गृहस्थांनी तो पपायरस लक्सरमध्ये विकत घेतला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात ऐंशीहून जास्त गणितं आहेत. भाकऱ्या १० माणसांत वाटा, धान्याच्या कोठाराचं माप काढा, अशी रोजच्या व्यवहारातली.

त्यातलं २४वं गणित असं: एका संख्येत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात. संख्या कोणती?

आज आपण लगेच "क्ष मानू" म्हणतो. आहमोसकडे क्ष नाही. तो काय करतो बघा.

पायरी १: उत्तर ७ आहे असं धरा. (चूक आहे हे माहीत आहे, पण ७चा सातवा भाग काढायला सोपा.)
पायरी २: ७ + १ = ८. आपल्याला हवे होते १९.
पायरी ३: ८ला कितीने गुणलं की १९ येतात? दोनदा ८ म्हणजे १६, उरले ३. ८चा पाव भाग २, आठवा भाग १. म्हणजे २ + १/४ + १/८.
पायरी ४: धरलेल्या ७लाही तेवढ्यानेच गुणा. उत्तर १६ + १/२ + १/८.

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण आहमोस पुढे आणखी एक काम करतो. आलेलं उत्तर मूळ गणितात परत घालून बघतो. १६ + १/२ + १/८ चा सातवा भाग २ + १/४ + १/८. दोन्हींची बेरीज १९. जुळलं.

या शेवटच्या कामाला आपल्याकडे फार छान शब्द आहे. ताळा. ताळा करणं, ताळा पाहणं. ताळेबंदातला ताळा तोच. आजच्या भागाचा खरा नायक हा शब्द आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

भूर्जपत्रावरची वही

१८८१ साली पेशावरच्या बाजूला, मर्दानजवळच्या बक्षाली गावात एका शेतकऱ्याला जमीन खणताना भूर्जपत्रांचं बाड सापडलं. बरीच पानं मोडली होती, सत्तरेक तुकडे हाती आले. शारदा लिपी, आणि विषय गणित. १९०२पासून हे बाड ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्याच्या काळावरून वाद आहेत, शून्यासाठी वापरलेल्या ठिपक्यामुळे ते बातम्यांतही आलं. मला मात्र त्या ठिपक्यापेक्षा त्यातली मांडणी जास्त महत्त्वाची वाटते.

बक्षालीत गणित एका ठरलेल्या साच्यात लिहिलेलं असतं. आधी सूत्र, म्हणजे नियम. मग उदाहरण. मग स्थापना, म्हणजे दिलेले आकडे चौकटीत नीट मांडणं. मग करण, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड. आणि शेवटी प्रत्यय. प्रत्यय म्हणजे खात्री. म्हणजेच ताळा. तो वेगळं नाव असलेला, हक्काचा भाग आहे. वेळ उरला तर करायची गोष्ट नाही.

त्यातलंच एक गणित: चौघांना पैसे वाटले. पहिल्याला किती ते माहीत नाही. दुसऱ्याला पहिल्याच्या दुप्पट, तिसऱ्याला दुसऱ्याच्या तिप्पट, चौथ्याला तिसऱ्याच्या चौपट. एकूण १३२. तर पहिल्याला किती?

स्थापना: पहिल्याला १ धरा. मग चौघांचे १, २, ६, २४.
करण: बेरीज ३३. १३२ ÷ ३३ = ४.
प्रत्यय: ४ + ८ + २४ + ९६ = १३२.

आहमोसचीच युक्ती आहे ना? चुकीचं असेल हे माहीत असूनही एक उत्तर धरायचं, आणि ते किती पटीने चुकलं ते पाहून दुरुस्त करायचं. अडलेल्या मुलाला आजही सांगण्यासारखी गोष्ट आहे ही: काही सुचत नसेल तर एक आकडा धर आणि काय होतं ते बघ. फक्त एक अट आहे. ही युक्ती सगळं पटीत वाढत असेल तेव्हाच चालते. गणितात "आणि वर ५ जास्त" असं काही आलं की साधी पट लावून भागत नाही.

आकडे नसलेलं गणित

गृहपाठात सगळीच गणितं आकड्यांची नसतात. वाघ, शेळी आणि गवताचा भारा घेऊन नदी ओलांडायचीय, होडीत माणसाबरोबर एकच मावतं, हे कोडं तुम्ही कधीतरी सोडवलं असेलच. वाघ-शेळी एकटे राहिले तर शेळी जाणार, शेळी-गवत एकटे राहिले तर गवत जाणार.

हे कोडं आपल्याला सर्वांत आधी एका लॅटिन संग्रहात दिसतं. तरुणांची बुद्धी तल्लख करण्यासाठी काढलेली गणितं, असा त्याचा विषय. सुमारे इसवी सन ८००. तो सहसा अल्क्विनच्या नावावर सांगतात. हा यॉर्कचा पंडित, शार्लमेन राजाच्या दरबारात शिक्षणाचं काम बघायचा. त्याच्या कोड्यात लांडगा, बकरी आणि कोबी आहेत.

१. शेळीला पलीकडे न्या.
२. रिकामे परत या.
३. वाघाला पलीकडे न्या.
४. शेळीला परत आणा.
५. गवत पलीकडे न्या.
६. रिकामे परत या.
७. शेळीला पलीकडे न्या.

मुलं अडतात ती चौथ्या पायरीवर. एकदा पलीकडे नेलेलं परत आणायचं, म्हणजे काम उलटं जातंय असं वाटतं. पण कागदावर प्रत्येक पायरीनंतर दोन्ही काठांवर कोण आहे ते लिहून काढलं की दिसतं, तिसऱ्या पायरीनंतर दुसरी वाटच नाही. माणूस, वाघ, शेळी, गवत, प्रत्येकाला दोन काठ, म्हणजे एकूण १६ मांडण्या. त्यातल्या ६ धोक्याच्या, १० सुरक्षित. सगळं कोडं म्हणजे या १० मांडण्यांमधून वाट काढणं. इथे ताळा शेवटी नाही, दर पायरीला आहे.

पाटणचा मठ आणि धुळीची पाटी

आता आपल्या घरी येऊ. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४ सालचा. ३६व्या वर्षी, ११५०मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. लीलावती हा त्यातलाच अंकगणिताचा भाग. मुलीच्या लग्नाची, घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची जी गोष्ट आपण ऐकतो, ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून पसरली.

या गोष्टीइतकीच सुंदर, पण दगडावर कोरलेली एक नोंद आपल्याकडे आहे. चाळीसगावजवळ पाटणे गावी, देवीच्या देवळात शके ११२८चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापला, आणि त्यासाठी दान मिळालं, असं त्यात सांगितलंय. शिलालेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारात येणाऱ्या मालावरच्या, तेलाच्या घाण्यावरच्या देण्यांचा हिशेब आहे. म्हणजे गणित शिकवण्याचा खर्च बाजार उचलत होता. आणि बाजाराला गणित लागतच होतं.

लीलावतीतलं एक गणित घ्या. कमळांच्या राशीतला १/३ भाग शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला, १/४ देवीला वाहिला. उरलेली ६ कमळं गुरूंना दिली. एकूण कमळं किती?

इष्ट ६० धरू, कारण ६०ला ३, ५, ६, ४ सगळ्यांनी भाग जातो.
२० + १२ + १० + १५ = ५७. उरले ३.
हवे होते ६, म्हणजे दुप्पट. म्हणून एकूण १२०.
ताळा: ४० + २४ + २० + ३० = ११४, आणि ६. बरोबर १२०.

तीच आहमोसची युक्ती! भास्कराचार्य तिला इष्टकर्म म्हणतात.

आणि मग त्रैराशिक. तीन राशी माहीत, चौथी काढायची. आपलं तांदळाचं गणित हे त्रैराशिकच. प्रमाण ५, फल ३४०, इच्छा ८. फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. आर्यभटांनी ४९९ साली हा नियम दिलेला आहे. भास्कराचार्यांच्या मते तर जवळजवळ सगळं अंकगणित त्रैराशिकानेच भरलेलं आहे.

पण तेच पुढे सावधही करतात. धान्याची रास ७ आढकांच्या मापाने मोजली तर १०० मापं भरली. ५ आढकांच्या मापाने मोजली तर किती? नियम डोळे मिटून लावला तर १०० × ५ ÷ ७, म्हणजे साधारण ७१. आता डोळ्यांसमोर आणा. माप लहान झालं, तर मापं जास्त भरायला हवीत, कमी कशी होतील? इथे उलटं करायचं: ७ × १०० ÷ ५ = १४०. हे व्यस्त त्रैराशिक. पायऱ्या दोन्हीकडे नीटनेटक्या होत्या, पण पहिल्या रीतीत विचार नव्हता.

हा "का" पुढे आपल्या कोकणात लिहिला गेला. मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. उपपत्ती म्हणजे हा नियम बरोबर का, याचं कारण. बॅबिलोनच्या पाट्यांवर जे सहसा मिळत नव्हतं, ते.

आता एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. हे सगळे लोक आकडेमोड कशावर करत? पाटीवर पसरलेल्या धुळीत. अंकगणिताला पाटीगणित म्हणायचे ते यामुळेच. एक पायरी झाली की आधीचे आकडे पुसायचे, तिथेच पुढचे लिहायचे. पंतोजींच्या शाळेतही धूळपाटी होतीच. काम संपलं की पायऱ्या गायब, उत्तर तेवढं शिल्लक. मग चूक शोधणार कशी? मागे जाऊन वाचता येत नाही. एकच मार्ग उरतो, आलेलं उत्तर परत घालून बघायचं. मला वाटतं, जुन्या गणितात ताळ्याला एवढा मान असण्याचं एक कारण हे असावं.

त्यासोबत होतं पाठांतर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. १६ आण्यांचा रुपया आणि ४० शेरांचा मण असताना अडीच सोळे चाळीस हे तोंडावर नसेल तर दुकान चालायचं नाही. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-लिटर आले, आणि पावकी-दिडकीची गरज संपत गेली.

तोवर वही आणि पेन्सिल आली होती. वहीत पायऱ्या टिकतात, त्या बाईंना नंतर घरी नेऊन तपासता येतात. नुसत्या त्रैराशिकाच्या जागी "आधी एकाची किंमत काढा" सांगणारी एकमान पद्धत रुळली. ही चांगलीच गोष्ट झाली, कारण एकमान पद्धतीत प्रत्येक ओळीला अर्थ असतो. ६८ म्हणजे एका किलोचा भाव, हे सांगता येतं. त्रैराशिकात मधे येणारा ३४० × ८ = २७२० हा आकडा नेमका कशाचा, हे सांगून बघा बरं!

पण वहीबरोबर आणखी एक बदल झाला. तपासण्याचं काम मुलाकडून बाईंकडे गेलं. पुस्तकात ताळा छापलेला असतो, वहीत तो गळतो. त्याला वेगळा मार्क नसेल तर तो कोण लिहिणार?

पायऱ्या फुकट झाल्या

हे सगळं आज का सांगतोय? कारण आता फोनचा कॅमेरा गणितावर धरला की पायऱ्या मिळतात. स्वच्छ, ओळीने, समजावून. चार हजार वर्षांत पहिल्यांदाच पायऱ्या लिहिणं हे गणित कळल्याचा पुरावा राहिलेलं नाही. आणि चुकलेली पायरीसुद्धा तितक्याच सुबक अक्षरात येते. लहान मापाच्या गणितात ७१ उत्तर काढणाऱ्या पायऱ्याही दिसायला झकास असतात.

अशा वेळी मुलाच्या हातात काय उरतं? प्रत्यय. स्वतः खात्री करणं. आमच्या कामातही कोड दुसऱ्या कुणी, किंवा आता एखाद्या मशीनने, लिहिलेला असू शकतो. पण तो चालतो का हे तपासणारी टेस्ट काय असावी, हे ज्याला सुचतं त्यालाच तो प्रश्न कळलेला असतो.

ताळ्याचे तीन प्रकार घरी करून बघण्यासारखे आहेत. पहिला, उत्तर परत घालणं, आहमोससारखं. दुसरा, अंदाज: उत्तर वाढायला हवं की कमी व्हायला, हे आधीच ठरवणं. तिसरा, नवाचा ताळा. ३४७ × २६ = ९०२२ हे तपासायचंय. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा. ३४७चे ५, २६चे ८. ५ × ८ = ४०, म्हणजे ४. ९०२२चे १३, म्हणजे ४. जुळलं. पण सावध राहा, चुकून ९२०२ लिहिलं असतं तरी ४च आले असते! म्हणजे नवाचा ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक, पण जुळला तर बरोबर असेलच असं नाही. ताळ्यालाही मर्यादा असतात, आणि त्या मुलांना कळणं हाही गणिताचाच भाग आहे.

तेव्हा त्या बाई आणि त्या मुलीच्या वादात माझा निकाल असा. मुलगी फक्त ५४४ लिहिते आणि खाली लिहिते, "५४४ ÷ ८ = ६८, ६८ × ५ = ३४०, जुळलं", तर तिला गणित आलं असं मी म्हणेन. पायऱ्या सुंदर आहेत पण हे जुळतं का ते सांगता येत नाही, तर अजून एकदा बसायला हवं.

जाता जाता तुम्हाला गृहपाठ. आहमोसच्याच पपायरसवरचं २६वं गणित: एका संख्येत तिचाच चौथा भाग मिळवला तर १५ होतात. क्ष न वापरता सोडवा. घरात पाचवी-सहावीतलं कुणी असेल तर त्यांच्यासोबत बसून सोडवा. आणि आम्हाला उत्तर पाठवू नका, ताळा पाठवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.